अक्षताच्या भिंतीवरचा केबलचा डबा

नारायण पेठेतल्या त्या बोळात अनंत सातपुत्याइतका गोड बोलणारा माणूस शोधून सापडला नसता. लक्ष्मी रस्त्यावरच्या साडीच्या दुकानात तो सेल्समन होता. गिऱ्हाइकापुढे साड्यांचा ढीग उलगडून काही विकलं गेलं नाही, तरी त्याच्या कपाळावर आठी उमटत नसे. घरी आला की मात्र आधी टीव्ही लावायचा, आवाज मोठा करायचा आणि मग बायकोला मारायचा.

ती बायको म्हणजे अक्षता. लग्न होऊन लोणी काळभोरहून आलेली, नवऱ्याच्या दुकानातल्या साड्यांना घरी बसून फॉल लावून देणारी. फॉल तिरका गेला, चहा निवला, तिच्या भावाचा फोन आला, मारायला कुठलंही कारण चालायचं. कमरेचा पट्टा हाताशी नसला तर केस धरून तो तिचं डोकं भिंतीवर आपटायचा. एकदा मनगट मोडलं, तेव्हा 'जिन्यावरून पडले' असं तिनंच डॉक्टरांना सांगितलं होतं. टीव्हीच्या गोंगाटात आम्हाला काही कळत नाही, असं शेजारीपाजारी म्हणायचे. धडधडीत खोटं! ऐकून दार लोटून घेणारी माणसं होती ती. त्यांना चांगलं म्हणायला जीभ वळत नाही.

या अक्षताच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर केबलचा एक डबा होता. केबलवाल्या तात्यारावांनी तो तिथे ठोकला होता. त्याला वीज सातपुत्यांच्या मीटरवरून, बदल्यात त्यांचं कनेक्शन फुकट. हा डबा चालू असेल तरच पुढच्या सगळ्या घरांत चित्र दिसायचं. एका संध्याकाळी अनंतनं तिला ढकललं, तिचा खांदा डब्याच्या प्लगवर आदळला आणि प्लग निघाला. टीव्ही गप्प झाला. पाठोपाठ अख्खा बोळ गप्प झाला आणि दारावर थापा पडायला लागल्या.

"अहो सातपुते, केबल गेली का? का आम्ही मालिका कल्पनेनंच बघायची?" समोरच्या आनंदीबाई सगळ्यांच्या पुढे उभ्या होत्या.

अनंतनं शर्ट सारखा केला आणि हसत दार उघडलं. "बघतो हं मावशी," म्हणाला. माणसं रेंगाळली आणि पुढचा मार टळला. अक्षता आत ओठाचं रक्त पदरानं टिपत होती. तिला संताप आला आणि त्या संतापातच तिचं डोकं चाललं. बाई ओरडली तर न येणारी माणसं मालिका बंद पडली की धावत येतात. मग त्यासाठी का होईना, यावीत!

त्यानंतर पट्टा निघाला की केबल जाऊ लागली. तात्यारावांचा वायरमन मेहबूब तपासायला आला, तर डबा ठणठणीत. त्यानं प्लगकडे पाहिलं, मग अक्षताच्या सुजलेल्या डोळ्याकडे पाहिलं. काही न विचारता त्यानं ओट्याजवळ, तिचा हात पोहोचेल असा डब्याचा खटका बसवून दिला.

"प्लग ओढत जाऊ नका वहिनी, शॉक बसेल," एवढंच म्हणून तो खाली मान घालून गेला.

दारातल्या गर्दीला अनंत कंटाळला. "केबल बंद. आपण डिशची छत्री बसवू," एक दिवस त्यानं जाहीर केलं. "आपली छत्री, आपला टीव्ही. डबा घेऊन जाऊ देत तात्यारावांना दुसरीकडे."

डबा गेला तर हा आपल्याला मारून टाकेल, हे अक्षताला स्वच्छ दिसलं. "नका ना. पावसात छत्री बंद पडती म्हनं. आपली केबल फुकट हाय की!" घाबरली की तिची लोणीची बोली बाहेर यायची. साधी नवी चप्पलही कधी न मागणारी बायको केबलसाठी रडते? अनंतची नजर तिच्यावरून ओट्याजवळच्या खटक्यावर गेली. तो नुसता हसला. "रविवारी येईल छत्री," म्हणाला.

रविवारी फायनल होती. फोनवर मॅच बघायची चैन तेव्हा बोळाला परवडत नव्हती, त्यामुळे घरोघरी टीव्ही लागले होते. दुपारी गच्चीवर छत्री बसली. डबा दुसऱ्या दिवशी निघणार होता. संध्याकाळी अनंतनं दाराला आतून कुलूप घातलं, मॅचचा आवाज वाढवता येईल तेवढा वाढवला आणि साड्यांची इस्त्री उचलली.

"आता कर बंद," तो म्हणाला.

पहिला घाव खांद्यावर बसला, दुसरा कानामागे. रक्त फॉल लावलेल्या साड्यांवर उडालं. त्यानं तिचा गळा धरला, तेव्हा ती त्याच्या मनगटाला कडकडून चावली, पार दात रुतेपर्यंत. पकड सुटताच तिनं ओट्याकडे झेप घेऊन खटका दाबला. घराघरातला गलका थांबला. सातपुत्यांचा टीव्ही तेवढा गर्जत राहिला. थापा पडल्या.

"आमच्याकडे केबल नाही आता! तात्यारावांना विचारा!" अनंत आतूनच ओरडला आणि पुन्हा तिच्याकडे वळला.

अक्षतानं फॉलची कात्री उचलली. तो दचकून मागे सरला. पण ती त्याच्यावर धावली नाही. टीव्हीमागे हात घालून तिनं छत्रीची कोरी वायर कचकन कापली.

टीव्ही बंद पडला. त्या शांततेत ती छाती फुटेस्तोवर ओरडली, "मारून टाकतोय मला ह्यो! दार मोडा!"

बाहेर क्षणभर कोणी हललं नाही. "पण केबलचं..." असं एक पुरुष पुटपुटला.

"चुलीत घाला ती केबल!" आनंदीबाई कडाडल्या. "बहिरे आहात का सगळे? दार फोडा आधी!"

दार तिसऱ्या धडकेला पडलं. आत घुसलेल्यांनी अनंतला पार वाड्याच्या दिंडीदरवाज्यापर्यंत तुडवत नेलं. त्यातला निम्मा राग स्वतःवरचाच असावा. पुढे पोलीस आले आणि त्याला घेऊन गेले. दवाखान्यात टाके घालताना डॉक्टरांनी विचारलं, कुठे पडलात का? आनंदीबाईंचा हात घट्ट धरून अक्षता म्हणाली, "पडले नाही. नवऱ्यानं मारलं."

इकडे खटका पुन्हा चालू करायचं कोणाला सुचलंच नाही. मॅच कोणी जिंकली, हे बोळाला सकाळच्या पेपरातून कळलं.