आमच्या अंगणावरचं पाणी

आमचं गाव धरणाखाली गेलं, त्याला आता बरीच वर्षं झाली. तरी त्या पाण्यावर मासे धरणारी आमची माणसं अजून जुन्याच पत्त्यावर गळ टाकतात. "आज गिरणीवर बसलो, दोन सापडले." "शाळेवर काहीच नाही." बाहेरच्या माणसाला नुसतं पाणी दिसतं. आम्हाला गल्ल्या दिसतात.

मी नोकरीसाठी अकोल्यात जुन्या शहरात राहतो. दर शनिवारी एसटीने दर्यापूर, पुढे काळीपिवळी जीपने नव्या गावठाणात बाबांकडे. मासेमारीचं वेड मला चाळिशीनंतर लागलं, म्हणजे शिकण्याचं वय गेल्यावर आणि हसं होण्याचं आल्यावर. रीळ लावलेला एक स्पिनिंग रॉड घेतला आणि पहिल्या महिन्यात नऊ गळ घालवले. मासा एकही गेला नाही, कारण आला एकही नव्हता. खाली गळ सोडला की गाव तो धरून ठेवायचं. कुठे कुंपणाच्या बाभळी, कुठे घरांची लाकडं. एकदा ओढून ओढून दोरी तुटली तेव्हा काठावरचा म्हशीवाला म्हणाला, "भाऊ, तुमी मासा नाई, ग्रामपंचायत ओढून राहिले."

म्हणून मी गळ खाली न सोडता पाण्यावरच मासे धरायला लागलो. मोबाइलवर बघून पिसाच्या खोट्या माश्या बांधायला शिकलो. गळाला कोंबडीचं पीस, बायकोच्या शिवणाच्या पेटीतला दोरा आणि तरंगायला फोमचा तुकडा. अशी माशी इतकी हलकी की रॉडने लांब जातच नाही. मग तिच्या अलीकडे प्लास्टिकचा एक पोकळ गोळा बांधायचा आणि त्यात अर्धं पाणी भरायचं. त्याच्या वजनाने माशी जाते आणि पाण्यावर बसून राहते. संध्याकाळी चिलापी वर येते आणि किडा समजून तिला तोंड घालते. तळहाताएवढा मासा, पण रॉडच्या टोकाला लागला की मला आपण कोणीतरी आहोत असं वाटायचं.

फोम मात्र सारखा संपायचा. एका रविवारी नव्या घरात बाजेखाली शोधता शोधता एक प्लास्टिकची पिशवी सापडली. आत जुन्या स्लिपरची जोडी, वर पांढरी, खाली निळी. टाकायची राहिली असेल समजून मी डाव्या टाचेचा चौकोन ब्लेडने कापला आणि चप्पल परत पिशवीत ठेवली. टाकायची वस्तू कोणी पिशवीत गुंडाळून वर गाठ मारून ठेवत नाही, एवढं कळायला जी अक्कल लागते ती माझ्याकडे त्या दिवशी नव्हती. इतर दिवशी असते असंही नाही.

उन्हाळ्यात पाणी उतरलं की आमच्या अंगणातल्या कडुलिंबाचा शेंडा वर येतो. वाळलेला, राखाडी, दोन फांद्यांचा. त्यावर कधी पानकावळा पंख पसरून बसतो. म्हणजे बरोबर त्याच्या खाली आमचं घर. दिवेलागणीला मी त्या लिंबाच्या जवळ माशी टाकली. नव्या माशीचं तोंड मी खोलगट कापलं होतं, ओढलं की पाणी वाजावं म्हणून. हलकेच ओढलं. चपक. थांबलो. पुन्हा ओढलं. चपक, चपक.

तो आवाज मी ओळखत होतो. सडा टाकलेल्या ओल्या अंगणातून माय तशीच चालायची, टाच घासून, डावा पाय जरा उशिरा. नव्या घरात आल्यावर पहिल्याच वर्षी ती गेली. शेवटी शेवटी रोज संध्याकाळी चप्पल घालून दारात उभी राहायची आणि म्हणायची, "चाला, घरी जाऊ." ती चप्पल वर पांढरी, खाली निळी होती.

मी दचकून रॉडला असा हिसका दिला की माशी उडाली आणि सरळ लिंबाच्या फांदीत अडकली. आयुष्यात माझा एवढा अचूक नेम पुन्हा लागला नाही. ओढायला गेलो, दोरी तुटली. मायच्या टाचेचा तुकडा आमच्या लिंबावर आणि मी काठावर, हातात रॉड घेऊन.

बाबांना काही सांगितलं नाही. पुढच्या शनिवारी आलो तर बाजेखाली उंदराचा पिंजरा, आत भाकरीचा तुकडा.

"उंदीर झाले का?" मी विचारलं.

"झाला एक. चप्पल कुरतडली त्यानं."

मी पिंजरा सरळ केला. त्याची दांडी नीट बसते की नाही तेही बघून दिलं. इतका नीच मी एरवी नसतो. तीन शनिवार मी त्या उंदराला शिव्या घातल्या. चौथ्या शनिवारी जेवताना बाबा ताटातून मान वर न करता म्हणाले, "मले एकच समजत नाई. उंदराले ब्लेड कोनं देलं?"

मी सगळं सांगितलं. आवाजाचंही. बाबांनी भाकरीचा तुकडा मोडला.

"आपल्या निंबावर?"

"हो."

"एकच चप्पल कापली?"

"एकच."

"मंग तुयी माय एका पायात चप्पल घालून आंगनात कशी फिरन?"

मला वाटलं चिडलेत. पण त्यांनी हात धुतले, पिशवी सोडली आणि उजवी चप्पल माझ्यासमोर ठेवली. "तिच्या जोडीची बनव. आन् आज बनव."

गाव बुडाल्यापासून बाबा त्या काठावर एकदाही आले नव्हते. नव्या घराच्या ओट्यावर बसायचे तेही पाण्याकडे पाठ करून. त्या संध्याकाळी माझ्याबरोबर आले. पाणी अजून उतरलं होतं, लिंब हातभर जास्त वर दिसत होता. आधीची माशी मात्र फांदीवर दिसेना. वाऱ्याने पडली असेल.

मी टाकली. वारा आडवा.

"थे शाळा हाय," बाबा म्हणाले.

दुसऱ्यांदा टाकली.

"हे त गिरनी झाली. घर विसरला का बे?"

तिसरी बरोबर गेली आणि पाण्याला टेकते न टेकते तोच चिलापीने धरली. दुसरा कुठला दिवस असता तर मी नाचलो असतो. त्या दिवशी घाबरून मासा ओढला, गळ सोडवला. फोमवर दातांच्या बारीक खुणा उमटल्या होत्या. मासा पाण्यात सोडला. बाबांनी धोतराने डोळे पुसले. वाऱ्याने असेल.

चौथी लिंबाच्या शेंड्याशी पडली. वर्तुळं पसरत गेली. मग विरली.

"ओढ जरा," बाबा म्हणाले. "आयकू दे."

मी ओढलं. चपक. चपक, चपक.

बाबांनी मान तिरपी केली. माणूस आतल्या खोलीतून हाक येते का ऐकताना करतो तशी. "हेच," ते म्हणाले. "डावा उशिरा."

डाव्या-उजव्याचा काही संबंध नव्हता, ओढणारा मी होतो. पण आता माझा हात थांबेना. चपक, चपक. माशी लिंबापासून निघाली होती, अंगणातून, फाटकातून, हळूहळू आमच्याकडे.

बाबांनी माझं मनगट धरलं.

"इकडं नको आनू," ते म्हणाले. "इथं तिले करमत नव्हतं. तोड."

कात्री आणायला मी विसरलो होतो, हे सांगायलाच नको. दोरी दातांनी तोडली. माशी आणि तो अर्धा भरलेला गोळा पाण्यावर राहिले. वारा फिरला होता आणि ते दोन्ही सावकाश लिंबाकडे सरकत होते. दिसेनासे होईपर्यंत बाबा काठावर बसले, पाण्याकडे तोंड करून.

कापलेली जोडी अजून त्याच पिशवीत आहे. पिंजराही बाजेखालीच आहे. उंदीर कोण होता ते माहीत असूनही त्यातला भाकरीचा तुकडा बाबा रोज बदलतात. कशाला, म्हणून मी विचारलेलं नाही.