पोचवायची राहिलेली साडी

मंगळवारी सकाळी माझी पत्नी गेली. ती स्वयंपाकघरात पडली. शेजाऱ्यांनी रिक्षा आणली. दवाखान्यात डॉक्टरांनी मला बाजूला बोलावले आणि सांगितले.

तो श्रावण होता. जाण्याच्या थोडेच दिवस आधी तिने महाडच्या बाजारपेठेतून एक नऊवारी साडी आणली होती. हिरवी, लाल काठांची. ती तिच्यासाठी नव्हती. तिचे माहेर पोलादपूरच्या पुढे, आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी आहे. तिथल्या देवीची ओटी भरायला ती दर नवरात्रात जायची आणि साडी दीड-दोन महिने आधीच आणून ठेवायची. नंतर दुकानात चांगले रंग उरत नाहीत, असे तिचे म्हणणे.

तेराव्यानंतर मुलीने आईचे कपाट आवरायला घेतले, तेव्हा ही साडी वर आली. घडीही मोडलेली नव्हती. मुलगी म्हणाली, "बाबा, ही कुणाला द्यायची?"

मी म्हटले, आत्ता राहू दे. घरात वर्षभर सणवार करायचे नव्हते, त्यामुळे त्या वर्षी नवरात्रात जाण्याचा प्रश्नच नव्हता. साडी पुन्हा कपाटात गेली. पुढे वर्षभर मी ज्याला त्याला विचारत राहिलो. शेजारच्या काकू म्हणाल्या, गेलेल्या माणसाची वस्तू देवाला चढवू नये. वर्षश्राद्धाला आलेले गुरुजी म्हणाले, एखाद्या गरजू बाईला द्या, तेही पुण्यच. मुलगी पुण्याहून फोनवर म्हणाली, "बाबा, तुम्ही एवढा विचार का करताय? साडीच आहे ना!"

साडीच होती. पण ती नेमकी कुणाची, हे मला ठरवता येत नव्हते. गेलेल्या बाईची म्हणावी तर ती तिने स्वतःसाठी घेतलीच नव्हती. देवीची म्हणावी तर ती देवीपर्यंत पोचली नव्हती. तिने आयुष्यात हातात घेतलेले काम अर्धे टाकल्याचे मला आठवत नाही. हे एकच राहिले होते, आणि ते माझ्या कपाटात होते. देवीने ती नाकारली तर काय, या विचाराने मला झोप लागत नसे. आपण असल्या गोष्टी मानत नाही, हे स्वतःला सांगूनही लागत नसे.

वर्ष सरले आणि पुन्हा नवरात्र आले. मी साडी पिशवीत घातली, एसटीने पोलादपूरला उतरलो आणि तिथून गावाकडे जाणाऱ्या जीपमध्ये बसलो. भात पिवळे पडू लागले होते. जीपमधल्या बाईने विचारले, "कुणाकडे?" मी सासुरवाडीचे घर सांगितले. ती म्हणाली, "म्हणजे तुमी आमच्या तायचे मालक." उतरताना माझी पिशवी तिने धरली.

देऊळ जुने आहे. गाभारा काळ्या दगडाचा, पुढचा सभामंडप अलीकडचा, पत्र्याचा. मी शाळेत इतिहास शिकवत असे, त्यामुळे दर वर्षी पत्नी आत गेली की मी बाहेर दीपमाळेपाशी रेंगाळायचो. तिथे वीरगळ आहेत, लढाईत पडलेल्यांच्या आठवणीच्या कोरीव शिळा. त्यांच्यावरचे घोडे, तलवारी, चंद्रसूर्य मी इतक्या वेळा पाहिले होते की डोळे मिटून काढू शकलो असतो. आत बायकांची गर्दी असायची. ओटी हे बायकांचे काम. आपण मध्ये जाऊ नये, असे मी समजत होतो.

त्या दिवशीही मी दीपमाळेपाशीच थांबलो. मेहुण्याची बायको ओटीचे ताट घेऊन आली. तांदूळ, नारळ, हळकुंड, सुपारी सगळे तिने आणले होते. मी पिशवी तिच्यापुढे धरली.

"वहिनी, एवढी तुम्हीच चढवा."

"मी कशी चढवू?" ती म्हणाली. "माझी मी सकाळीच भरली. ही तुमच्या घरची. तुमी चला आत."

"मी? ओटी?"

आत खांबाला टेकून पत्नीची म्हातारी आत्या बसली होती. तिने तिथूनच हाक दिली. "आवो जावयबापू, तीस वरसं भायेर दगडं बघितलीत. आज आत या, इथं पण दगूडच हाय!"

बायका हसल्या. गुरवानेही हसू दाबले. मी चप्पल काढून आत गेलो आणि जे वर्षभर मनात होते ते सगळ्यांसमोर एकदाच बोलून टाकले. साडी घेणारी गेली. मग ही देवीला चालते का?

गुरव माझ्याच वयाचा. तो समयीत तेल घालत होता. म्हणाला, "तुमाला देवीची गोष्ट कुणी सांगितली नाय?"

कुणी सांगितली नव्हती, कारण मी कधी विचारली नव्हती.

त्याने सांगितली. देवी सात बहिणींतली धाकटी. तिला घाटावर दिली होती. वर्षातून एकदा ती घाट उतरून भावाकडे यायची, भावजय तिची ओटी भरायची आणि ती परत वर जायची. एका वर्षी ती आली तर दाराला तोरण नाही, अंगणात रांगोळी नाही. भावजय त्याच साली गेलेली. भाऊ म्हणाला, "बाय, घरात बाईमाणूस नाय, तुझी ओटी कोण भरणार?" देवी म्हणाली, "माहेराहून रिकामी ओटी घेऊन मी जायची नाय." मग भावाने स्वतःच्या ओंजळीने तांदूळ घेतले आणि बहिणीची ओटी भरली. भावजयीने तिच्यासाठी घेऊन ठेवलेले लुगडे घरात होते, तेही त्याने दिले. देवी ते नेसली आणि इथेच बसली. भावाला एकटा टाकून ती पुन्हा घाट चढली नाही.

"भावासाठी नाय काय!" आत्या मध्येच म्हणाली. "सासू खाष्ट होती तिची. निमित्त गावलं, बसली."

"आत्ये, देवीला तरी सोड," वहिनी म्हणाली.

"का सोडू? आन् तो घाट चढून बघ एकदा. गुडघे बोलतात."

गुरव माझ्याकडे वळला. "म्हणून आमच्याकडं रीत हाय. ज्या घरची बाई गेली, त्या घरच्या बाप्यानं वरीस सरलं की पहिल्या नवरात्रात ओटी भरायची. बाकी वरसं बायका. तुमी आला नसता तर मीच निरोप धाडणार होतो."

"आणि साडी?"

उत्तर वहिनीने दिले. "भावजी, तायनं दुकानात देवीची म्हणून घेतली ना? मग तवाच ती देवीची झाली. तुमी नुसते पोस्टमन. टपाल उशिरा आलं, एवढंच."

इतिहास म्हणून या कथेला काही आधार नाही. गाभाऱ्याचे दगड तिच्याविषयी काही सांगत नाहीत, आणि सात बहिणींच्या कथा कोकणात गावोगाव आहेत. हे सगळे मला तिथे उभ्या उभ्या सुचले. तरी माझ्या छातीवरचे ओझे उतरले, ते त्या क्षणी उतरले. माझा प्रश्न कुणाला तरी आधी पडला होता. लोकांनी त्याचे उत्तर शोधून, त्याची रीत करून ठेवली होती.

मग मी ओटी भरली. गुरवाने देवीपुढे सुपात साडी ठेवली, मी तिच्यावर नारळ ठेवला आणि ओंजळीने तांदूळ घालू लागलो. ओंजळ कशी सोडायची ते मला माहीत नव्हते. तांदूळ सुपाबाहेर, माझ्या पायांवर, समयीपर्यंत उडाले.

"जावयबापू, ओटी भरताय का पेरणी?" आत्या म्हणाली.

मी हसलो. मोठ्याने हसलो, देवळात, आणि त्याच वेळी डोळे भरून आले. कुणी माझ्याकडे पाहिले नाही. वहिनी खाली बसून तांदूळ गोळा करत होती. "असू दे, चिमण्या खातील," गुरव म्हणाला.

संध्याकाळच्या आरतीला देवी ती साडी नेसली होती. समयीच्या उजेडात हिरवा रंग जरा काळसर दिसत होता, पण लाल काठ उठून दिसत होते. बायका एकमेकींना सांगत होत्या, "ही तायची." आरती झाल्यावर आत्याने मला जवळ बसवून आणखी दोन गोष्टी सांगितल्या. देवी आणि वाघाची, आणि देवीने कुण्या सावकाराचा बैल अडवल्याची. दोन्हींत आत्या देवीपेक्षा वाघाच्या आणि बैलाच्याच बाजूची वाटली. मी ऐकत राहिलो. त्या रात्री मी मेहुण्याच्या घरी ओसरीवर झोपलो, आणि सकाळी कुणीतरी चहाला उठवेपर्यंत मला जाग आली नाही.

त्यानंतर दोन नवरात्रे झाली. ओटी आता वहिनी भरते, मी आत बसून असतो. माझी पत्नी नाही. तिचे माहेर आहे, आणि वर्षातून एकदा मी तिथे जातो.