गाळलेली सातवी सूचना

हेलननं रिसीव्हरवर हात ठेवला आणि मला खुणेनं बोलावलं. "झांबियाचा कॅम्प. तुझ्या ग्रुपच्या तंबूत बबून शिरले. बाई फार घाबरल्यात, तूच बोल."

इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीतल्या एका छोट्या सफारी कंपनीत मी ऑपरेशन्स बघायचो. म्हणजे विमानं, कॅम्प, लसी, विमा सगळं जुळवायचं आणि काही बिनसलं की बोलणी खायची. हेलन माझी बॉस. दोन हजार पाच-सहाचा सुमार असेल. लुआंग्वा नदीच्या खोऱ्यात बारा मराठी मंडळींचा ग्रुप न्यायची कल्पना माझी, त्यामुळे ऑफिसात मी जरा ताठ मानेनंच फिरत होतो.

फोनवर ग्लासगोच्या जोशीकाकू होत्या. सकाळी सगळे जीपमधून प्राणी बघायला गेले असताना बबून तंबूत घुसले होते. बबून म्हणजे कुत्र्यासारख्या तोंडाचं दांडगं माकड. सामान फाडून टाकलं, आणि डॉक्टर जोशींच्या इन्सुलिनची कूलबॅगही. दुसरं इन्सुलिन विमानानं मागवलं होतं. संध्याकाळपर्यंत पोचणार होतं, तेव्हा जिवाला धोका नव्हता. पण एवढं झाल्यावर कॅम्पला दोष द्यायला कुणीतरी हवं होतं. मॅनेजरचं म्हणणं, तंबू आवरणाऱ्या मोझेसनं चेन उघडी ठेवली. मोझेस म्हणत होता, मी लावली होती.

"अरे, चेन लावलेलीच होती," काकू म्हणाल्या. "मी पाहिलीय. जाळी फाडून आलेत मेले. आमच्याकडे सगळ्यांसाठी आणलेले बेसनाचे लाडू होते ना! सगळा डबा पळवला."



प्रवासाआधी आम्ही प्रत्येकाला सूचनांचा एक पॅक पाठवायचो. त्यात सातवी सूचना होती: तंबूत खाण्याची कोणतीही वस्तू ठेवू नये. तिथल्या प्राण्यांची नाकं आपल्या कल्पनेपलीकडची तिखट असतात. या ग्रुपसाठी पॅक मी मराठीत केला. करता करता काकूंचा फोन आला होता. "अरे, नुसत्या पाव-बटाट्यावर यांचं कसं व्हायचं? थोडं घरचं आणलं तर चालेल ना?" त्याच आठवड्यात एका जोडप्यानं जेवणापायी नाव काढून घेतलं होतं. मी म्हणालो, "आणा हो बिनधास्त, फक्त डबा घट्ट लावा." आणि सातवी सूचना गाळून टाकली. हेलनला मराठी कुठे येत होतं!

"तूच आणा म्हणालास म्हणून आणले हो," काकू आता रडवेल्या झाल्या होत्या. "तो मोझेस बिचारा उगाच ऐकून घेतोय. मी मॅनेजरला सांगू का?"

हेलन माझ्या खुर्चीला टेकून उभी होती. "काय म्हणतायत त्या? तंबूत खायचं होतं का काही?"

मी तिच्याकडे पाहिलं.

"नो फूड," मी रिसीव्हर झाकून म्हणालो. "शी इज शुअर."

मग फोनमध्ये मराठीत म्हणालो, "काकू, तुम्ही काही बोलू नका. मी इथून सगळं नीट करतो."

"करशील ना नक्की?"

"हो काकू."

हेलननं फोन घेतला आणि माझं उत्तर जसंच्या तसं मॅनेजरला सांगितलं. ग्रुप परत निघाला त्या दिवशी मोझेसला काढलं. तसा ईमेल मलाच आला. मी तो फाइलला लावला.

पुढच्या आठवड्यात काकूंनी ग्लासगोहून फोन केला. सहल फार छान झाली म्हणाल्या, हत्ती इतके जवळून पाहिले म्हणाल्या. मग म्हणाल्या, "आणि तो मोझेस रे! दुसऱ्याच दिवशी झाडीतून आमचा डबा शोधून आणला. धुऊन, पुसून. मी विचारलं, मॅनेजरला का नाही दाखवलास? तर म्हणाला, पाहुण्यांना कुणी बोललेलं आम्हाला चालत नाही. तू मिटवलंस ना सगळं? त्याला आमचे आशीर्वाद कळव."

म्हणजे त्याच्या हातात पुरावा होता. डबा मॅनेजरच्या टेबलावर ठेवला असता तर त्याची नोकरी वाचली असती. त्यानं तो काकूंना परत दिला.

"कळवतो," मी म्हणालो. कुठे कळवणार होतो? त्याचं आडनावही मला माहीत नव्हतं, आणि ते मी कॅम्पला विचारलंही नाही. विचारलं असतं तर का, ते सांगावं लागलं असतं.

त्या दिवशी मी मराठी पॅक उघडला आणि सातवी सूचना परत घातली, ठळक अक्षरांत. इंग्रजी पॅकमध्येही ठळक केली. हेलननं ते पाहिलं आणि टीम मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर म्हणाली, "याला म्हणतात अनुभवातून शिकणं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. शरमेनं माझे कान तापले होते, तरी मी "थँक यू" म्हणालो.

पुढे त्या कंपनीत मी बरीच वर्षं काढली, चढलोही. हाताखालच्या नव्या लोकांना एकच सांगायचो: पॅकमधली एकही ओळ गाळायची नाही. का, ते मात्र आज पहिल्यांदा सांगतोय.