मातृभाषेचा रकाना

काल नातीच्या शाळेचा फॉर्म टेबलावर पडला होता. ‘मातृभाषा’ या रकान्यावर नजर गेली आणि चाळीस वर्षांपूर्वीची, गंगाखेडजवळच्या आमच्या बंजारा तांड्यावरची सकाळ आठवली.

जनगणनेचे गुरुजी बाजेवर बसले होते. चुलीवरच्या भाकरीचा खरपूस वास सुटला होता. याडी, म्हणजे माझी आई, कोपरापर्यंतच्या पांढऱ्या बांगड्या वाजवत त्यांना चहा देत होती.

“घरात कोणती भाषा बोलता?” गुरुजींनी विचारलं.

याडीला मराठी जेमतेम कळायची. तिनं माझ्याकडं पाहिलं. वर्गातल्या पोरी माझ्या गोरमाटी बोलीला लय हसायच्या. मी घाईनं म्हणाले, “मराठी लिवा गुरुजी. आमी मराठीच बोलतो.”

“काय लिहिलं गं?” याडीनं गोरमाटीत विचारलं.

“तुझं नाव.”

ती ओढणी सावरत त्या कागदाकडं कौतुकानं बघत राहिली.

याडी गेली. पोरांना मी गोरमाटी शिकवलीच नाही. आता घरात ती बोलायला माझ्याशिवाय कुणी नाही. काल सुनेनं पेन उचललं आणि कुणाला न विचारता रकान्यात ‘मराठी’ लिहिलं.

मी सांगितलं ते खोटं होतं. तिनं लिहिलं ते खरं आहे.