इंजिन की ओटे

साहेब लोक गोड बोलायला लागले की मला आधी शंका येते. त्या वर्षी ब्लॉक ऑफिसचे साहेब अलिबागहून आमच्या कोळीवाड्यात आले, वाळूत बूट रुतवत सोसायटीच्या पडवीत बसले आणि चहा घशाखाली उतरायच्या आत म्हणाले, "सरकारला तुमच्यासाठी काहीतरी करायचंय." मी पदर सावरला आणि कान टवकारून बसले.

मच्छीमार सोसायटीच्या कमिटीत मी एकटी बाई. मी सातवीची फायनल पास होते आणि कमिटीवर एखादी बाई असावी असं वरून सांगून आलं होतं, म्हणून मला घेतलेलं. बाकी सगळे तांडेल, होड्या चालवणारे. त्यांत माझा नवराही. साहेबांकडे दोन योजना होत्या. पहिली, होडीला इंजिन बसवायची. निम्मं अनुदान, उरलेलं हप्त्यांनी. दुसरी मासळी वाळवायला सिमेंटचे ओटे आणि शेजारी विहीर. दोन्हींसाठी लोकवर्गणी आधी भरायची आणि वर्षाला एका संस्थेचा एकच अर्ज.

"तुमच्या संस्थेला कुठली योजना बसते ते तुम्हीच बघा," साहेब म्हणाले.

"इंजान!" चेअरमन ताडकन बोलले. त्यांना साधं 'बसा' म्हणायलाही वेळ लागायचा, त्यामुळे हे उत्तर घरून तयार करून आणलेलं होतं हे मला लगेच कळलं. मग आठवलं, मुंबईचा मासळीचा व्यापारी हल्ली सारखा वाड्यात दिसत होता. एरवी सुकी मासळी उचलण्यापुरता यायचा, आता पोरांना लिमलेटच्या गोळ्या वाटत फिरत होता. ओट्यांसाठी नि विहिरीसाठी कोणी मुंबईहून गोळ्या आणत नाही.

आमच्यात रीत अशी की दर्यावर पुरुषाचं राज्य, पण वाळूला लागलेलं म्हावरं बाईचं. विकायचं किती, वाळवायचं किती, भाव काय, हे सगळं तिनं ठरवायचं. पाटी डोक्यावर घेऊन रेवदंडा, चौल अशी गावं आम्हीच तुडवायचो आणि पैसा आमच्याच कनवटीला असायचा. शिडाच्या होडीला ताजी मासळी घेऊन मुंबई गाठणं कठीण. इंजिनाची होडी सरळ मुंबईच्या धक्क्याला लागणार, तिथंच माल विकणार आणि रिकामी परत येणार. मग आम्ही पाटीत काय दर्याचं पाणी भरायचं?

पण इंजिन मलाही हवं होतं. आदल्या वर्षी वारा पडला आणि नवऱ्याची होडी दोन दिवस खाडीच्या तोंडाशीही दिसली नाही. आली तेव्हा वल्ही मारून त्याच्या हातांची सालटी निघालेली आणि आतलं म्हावरं कुजलेलं. तळहाताला खोबरेल लावताना मी हुंदके देऊन रडले होते. असा नवरा पुन्हा बघायची माझी तयारी नव्हती.

बोंबील वाळत घातलेल्या वलांडीखाली आम्ही बायका जमलो. सासू म्हणाली, "ओटं मागा. इंजान त्यांचं, ओटं आपलं." पण कमिटीत माझं एकच मत, ते कोण ऐकतो! फक्त एक गोष्ट पुरुष विसरले होते. लोकवर्गणी रोख भरायची होती आणि रोख पैसा आमच्याकडे होता. म्हावरं मुंबईला जाणार असेल तर वर्गणी नाही, असं आम्ही सांगून टाकलं. दोन दिवसांनी चेअरमन हात जोडून वलांडीपाशी आले. मागे सगळे तांडेल.

"मुंबईला म्हावरं जानार न्हाय, असा ठराव लिवून देतो," ते म्हणाले. "मग तरी पैसं द्याल?"

ठराव मला नको होता. कागद अलिबागला जातो आणि तिथं झोपतो. सासूनं आतून नारळ आणला. "हातात घ्या आनि दर्याकडं त्वांड करून बोला."

नारळ हातात घेऊन दर्यासमोर दिलेला शब्द कोळी मोडत नाही. एकेकानं नारळ घेतला, "इंजानाची होडी म्हावरं इकाया मुंबईला जानार न्हाय," असं म्हटलं. मी प्रत्येकाचे डोळे बघत होते. चेअरमन पुटपुटल्यासारखे वाटले म्हणून त्यांना पुन्हा मोठ्यानं म्हणायला लावलं. नवऱ्याची पाळी आली तेव्हा मात्र मी नारळ फोडल्यावर पाणी कशात धरायचं ते शोधत होते. मग बायकांनी कनवटी सोडल्या आणि इंजिनाच्या अर्जावर मी सही केली.

पहिलं इंजिन नवऱ्याच्या होडीला बसलं आणि नारळी पुनवेनंतर ती दर्यात गेली. सुरुवातीला पाट्या भरभरून म्हावरं वाळूवर उतरलं. मग होडी हलकी यायला लागली. "लागतच न्हाय हल्ली," नवरा सांगायचा. त्याच दर्यात शिडाच्या होड्यांना लागत होतं, यालाच कसं लागत नव्हतं?

एकदा ओहोटीला होडी वाळूवर कलती असताना मी आत डोकावले. तळाशी लाकडाचा भुसा चिकटला होता. बर्फ भुशात घालून येतो आणि बर्फ तर आमच्या अख्ख्या गावात मिळत नव्हता. चिमूटभर भुसा घरी नेऊन मी नवऱ्यापुढे धरला.

तो डगमगला नाही. दर्यातल्या किल्ल्याच्या पल्याड मुंबईच्या व्यापाऱ्याची लाँच बर्फ घेऊन उभी असते, म्हणाला. म्हावरं पाण्यावरच तिच्यात चढतं, पैसे तिथंच मिळतात. "मुंबईला कोन गेलाय? आमी शब्द मोडला न्हाय."

पाण्यावर म्हावरं विकता येतं हे आमच्यातल्या एकीच्याही डोक्यात आलं नव्हतं. विकायचं म्हणजे वाळू, पाटी आणि बाईचा आवाज, एवढंच आम्हाला ठाऊक. वाळूला न लागलेल्या म्हावऱ्यावर कसला हक्क सांगायचा? रागानं मी चिमटीतला भुसा चुलीत फेकला.

आजवर विडीकाडीचे पैसेसुद्धा तो माझ्याकडे मागायचा. त्यानं सदऱ्याच्या खिशातून नोटा काढल्या आणि अगदी मायेनं विचारलं,

"घरात किती पायजेत, सांग."