वाळीत टाकलेलं लॉज

आमच्या युनोसावात लॉज मोजकीच, आणि सगळ्यांचं गरम पाणी डोंगरातल्या एकाच झऱ्याचं. त्या नळाची चावी लॉजवाल्यांच्या मंडळाचा अध्यक्ष कुनिमात्सु याच्या कमरेला. आता तुम्हीच सांगा, गरम झऱ्याच्या गावात ज्याचा हौद कोरडा, त्याच्याकडे कोण कुत्रं उतरेल?

सेत्सुयो माझी वहिनी. भाऊ गेल्यापासून लॉज तीच चालवते, मी स्वयंपाक बघते. जिभेला हाड नाही तिच्या, पण कामाला वाघीण. मंडळाचा नियम असा की उतारूंनी आपल्या पायांनी यावं, बसथांब्यावर जाऊन कुणी हाका मारायच्या नाहीत. वहिनी गेली, हाका मारल्या, खोल्या भरल्या. दुसऱ्या दिवशी कुनिमात्सुची आई, तोमे म्हातारी, भर रस्त्यात ओरडली, "लाज गुंडाळून ठेवलीस का गं? लॉज आहे का मासळीबाजार?"

संध्याकाळी मंडळानं आम्हाला वाळीत टाकलं. वाळीत टाकलेल्याच्या फक्त आगीला आणि मयताला जायचं, बाकी बोलणंचालणं बंद, ही आमच्याकडची रीत. पण या मेल्यांनी पाणीही तोडलं! आम्ही बंबात पाणी तापवायचो, पाहुणे नाकं मुरडून जायचे. लॉज विकायची पाळी आली होती, आणि घ्यायला टपलेला कोण? कुनिमात्सुच.

मग ऐन बर्फात, भरदुपारी, त्याच्याच लॉजला आग लागली. "जळू दे की!" मी म्हटलं.

"आगीला जायचं असतं," म्हणत वहिनी बादली घेऊन सगळ्यांच्या आधी पोचली.

आग विझली, पण लॉजचा कोळसा झाला. घाटरस्ता बंद, बाकीची लॉज भरलेली. कुनिमात्सु पाहुण्यांना आणि आईला घेऊन आमच्या दारात उभा राहिला.

"पाहुण्यांना जागा आहे, आईंनाही आहे. तुम्हाला नाही, अध्यक्षसाहेब," वहिनी म्हणाली. "आणि हो, पाहुण्यांना अंघोळ लागेल."

काळंठिक्कर तोंड करून तो डोंगर चढला आणि नळ सोडून आला.

रस्ता मोकळा झाला, पाहुणे गेले, तसा तो आईला न्यायला आला. "आई, चल. शहरातल्या वृद्धाश्रमात सोय केलीय. नव्या इमारतीत तुझी खोली बसत नाही."

म्हातारी भात खात होती. "मी इथंच राहणार."

"हिच्याकडे?"

"हिच्याकडे. तोंडाळ आहे, सूपही पाणचट असतं. पण पाणी गरम आहे. नळ बंद करून तर बघ! चौकात बसून गार पाण्यानं अंघोळ करीन आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगेन, हा माझा लेक."

कुनिमात्सु आला तसा गेला. नळ चालू राहिला.

माया वगैरे काही नाही हं! दोघींचं विळ्याभोपळ्याचं सख्य. एक म्हणते भात कच्चा, दुसरी म्हणते कवळी घासा. गाव अजून आमच्याशी बोलत नाही, पण हौद भरलेला आणि खोल्याही.

या पानगळीत म्हातारीनं अंथरूण धरलं. डॉक्टर म्हणाले, वय झालंय. तेव्हापासून वहिनी तिला शेकते, पेज भरवते. काल चमचा तोंडाशी धरून दातओठ खात म्हणाली, "गिळा! मेलात तर याद राखा."

म्हातारीनं एक डोळा उघडला. "मयताला येईल की माझा लेक. मयताला चालतं." आणि खुदकन हसली. "येताना नळाची चावी घेऊनच येईल."

वहिनीनं तिच्या तोंडात दुसरा चमचा कोंबला.