शवपेटीवरचे रंग

संग्रहालयात प्राचीन इजिप्तमधल्या एका बाईची शवपेटी आहे. झाकणावर कधीकाळी तिचा चेहरा रंगवला होता. आता जुन्या पाटासारखं काळपट लाकूड तेवढं उरलंय. शेजारच्या पडद्यावर तीच पेटी दिसते. बोट उजवीकडे सरकवलं की संगणकाने शोधून काढलेले तिचे मूळ रंग उमटतात. गाल पिवळे, केसांवर निळे पट्टे, डोळ्यांत ठसठशीत काजळ. डावीकडे सरकवलं की सगळं जातं. मला नादच लागला. रंग आणायचे, घालवायचे, पुन्हा आणायचे.

मागे उभ्या असलेल्या एक बाई अखेर न राहवून म्हणाल्या, "अहो, सारखं सारखं पुसू नका हो तिचं. जाताना कुणीतरी नटवलंय तिला."

माझं बोट काचेवरच थबकलं. आई गेली तेव्हा मावशीने तिच्या कपाळी मळवट भरला होता. त्याच्याशी कुणी असा खेळ केला असता, तर मी त्याचा हात धरला असता. इथे तर तो हात माझाच होता. बरं, हे रंग तरी माझ्यासाठी कुठे होते? मातीखालच्या अंधारात तिला सोबत म्हणून दिले होते ते.

मी घाईघाईने रंग परत आणले आणि बाजूला झालो. त्या बाईंकडे बघवेना.

घरी येईपर्यंत एकच शब्द डोक्यात घोळत राहिला, पुसणं. आपल्याकडे विचारण्यालाही पुसणंच म्हणतात. इतक्यांदा मी तिचे रंग पुसले, पण तिला काही एकदाही पुसलं नाही.